धर्माध्ययनातील पीएच.डी.साठी विद्यापीठे मार्गदर्शकाच्या नावावरून निवडावीत का?

महानुभाव संप्रदायावर अमेरिकेत पीएच.डी. करायची आहे, ग्रंथांवरची नावे पाहून सहा ठिकाणे निवडली आहेत, ती योग्य आहेत का, असे आपण विचारले आहे. सहा अर्ज पुरेसे आहेत. निवडीची रीत मात्र मला मुळीच मान्य नाही, कारण अगदी त्याच रीतीने मी माझे विद्यापीठ निवडले होते.

एम.ए.ला असताना माझ्या पुण्यातील सरांचा आग्रह होता, की संस्था पाहू नये, माणूस पाहावा. मला दोन ठिकाणी प्रवेश मिळाला. एका ठिकाणी दक्षिण आशियावर काम करणारे चार प्राध्यापक होते, पण जुनी मराठी वाचणारे कोणी नव्हते. दुसऱ्या ठिकाणी जुनी मराठी उत्तम जाणणारे एक प्राध्यापक होते आणि त्यांच्याखेरीज भारताशी संबंध असलेले कोणीही नव्हते. सरांच्या शब्दाखातर मी दुसरे ठिकाण घेतले. दुसऱ्या वर्षी मार्च महिन्यात त्या प्राध्यापकांनी मला बोलावून, आपण दुसऱ्या विद्यापीठात जात आहोत, असे सांगितले. त्यात त्यांचे काही चुकले, असे मी तेव्हाही म्हटले नाही. पण माझी शिष्यवृत्ती विद्यापीठाची होती, त्यांची नव्हती; त्यामुळे त्यांच्यामागे जायचे तर सारे अर्ज नव्याने करावे लागले असते.

मी राहिले. माझा प्रबंध तपासणाऱ्या समितीवर आले युरोपातील धर्मसुधारणेचे एक इतिहासकार आणि चिनी बौद्ध धर्माच्या एक अभ्यासक, दोघेही सज्जन. सकळ लिपीतील एका पोथीचे पान मी त्यांच्यासमोर ठेवले आणि ही अक्षरांच्या अदलाबदलीची सांकेतिक लिपी आहे, असे समजावून सांगितले, तेव्हा इतिहासकारांनी शांतपणे विचारले, की तुमचे वाचन बरोबर आहे हे आम्ही कसे ठरवायचे? त्यांचा प्रश्न रास्त होता आणि माझ्याजवळ उत्तर नव्हते. पुढे विदर्भातील एका मठातल्या महंतांना मी पाने पाठवू लागले आणि इकडच्या रात्री साडेदहाला, म्हणजे त्यांच्या सकाळी, फोनवर ओळीन् ओळ तपासून घेऊ लागले. प्रबंधाच्या ऋणनिर्देशात त्यांचे नाव पहिले आहे; समितीच्या नियमांत त्यांना स्थान नव्हते.

आता आपल्या यादीविषयी. महाराष्ट्रातील धर्मपरंपरांवरची संदर्भसूची उघडली की जी नावे पुन्हा पुन्हा येतात, त्यांच्या पदावर आज कोणी आहे का, हे आधी पाहावे. अ‍ॅन फेल्डहाउस यांनी अ‍ॅरिझोना स्टेट विद्यापीठात राहून महानुभाव वाङ्मयावर मोठे काम केले, पण त्या आता निवृत्त आहेत. जर्मनीतील हायडेलबर्गचे सोन्थायमर १९९२ साली वारले. एलिनॉर झेलियट जेथे शिकवत, त्या कार्लटन महाविद्यालयात पीएच.डी.ची सोयच नाही. मराठीचा अभ्यासक गेला की त्याच्या जागी मराठीचाच येतो, असे गृहीत धरू नये.

माणूस धर्माच्या विभागातच असेल, असेही नाही. नामदेवांवर लिहिणारे ख्रिश्चन नोव्हेत्स्की सिएटलला आंतरराष्ट्रीय अध्ययनाच्या जॅक्सन स्कूलमध्ये आहेत. शिकागोत डिव्हिनिटी स्कूल, म्हणजे धर्माच्या अभ्यासाचे विद्यालय, आणि दक्षिण आशियाई भाषा व संस्कृतींचा विभाग ही दोन वेगळी दारे आहेत. पहिल्या प्रकारच्या दारातून गेल्यास दुर्खाइम, वेबर यांसारख्यांचे धर्मविषयक सिद्धान्त आणि बहुधा फ्रेंच किंवा जर्मनची परीक्षा वाट्याला येते, दुसऱ्या दारातून गेल्यास भाषा आणि पोथ्या. आपल्या विषयाला मी दुसरे दार सुचवेन.

ग्रंथालयाकडे कोणी लक्ष देत नाही, याचे मला नवल वाटते. पी.एल. ४८० या अमेरिकी कायद्याखाली आलेल्या गव्हाचे जे रुपये आपण अमेरिकेला दिले, त्यांतूनच १९६२ पासून भारतात छापलेली पुस्तके विकत घेऊन निवडक अमेरिकी ग्रंथालयांना पाठवली जाऊ लागली. म्हणून पुण्यात न मिळालेल्या काही मराठी आवृत्त्या मला शिकागोहून आंतरग्रंथालयीन देवघेवीने मिळाल्या. मार्गदर्शक गेले तरी कपाटे जागेवर राहतात.

सरांना हे सारे मी दोनदा सांगितले आहे. तू माणूसच चुकीचा निवडलास, असे त्यांचे म्हणणे आहे. माणूस अगदी योग्य होता, तेथे त्याच्याखेरीज दुसरा नव्हता. आपण प्रत्येक विभागाला पत्र लिहून एवढेच विचारावे, की हे प्राध्यापक उद्या गेले तर माझा प्रबंध कोण वाचेल. उत्तर गुळमुळीत आले तर ते नाव यादीतून काढावे.

हे सारे अमेरिकेपुरते आहे. तेथेही अलीकडे काही विद्यापीठांनी मानव्यविद्यांतील प्रवेश कमी केले किंवा थांबवले आहेत, तेव्हा अर्जाचे शुल्क भरण्यापूर्वी या वर्षी प्रवेश आहेत का, याची खात्री करावी. इंग्लंडमध्ये वर्गांचा टप्पा बहुधा नसतो, तीन-चार वर्षे केवळ मार्गदर्शकाच्या आधारावर काढावी लागतात, आणि तेथे सरांचे म्हणणे बरोबर आहे, हे मला मान्य करावे लागते.