गॅस कमी, स्लरीला वास आणि माशा : चार जनावरांच्या गोबरगॅसचं गणित

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : दोन गाई, एक म्हैस, एक कालवड, 2 घनमीटरचा (म्हणजे रोज तेवढा गॅस देणारा) दीनबंधू, म्हणजे जमिनीत बांधलेल्या पक्क्या घुमटाचा (डोमचा) प्लँट, रोज चार घमेली शेण आणि आठ बादल्या पाणी, त्यात गोठा धुतलेलं पाणीही. शेगडी दीड तास जळते, स्लरीला (प्लँटमधून बाहेर पडणाऱ्या पातळ शेणाला) शेणाचाच वास येतो, खड्ड्यावर माशा घोंघावतात. आणि स्लरी उन्हात सुकवून शेतात टाकली तर चालेल का?

बांधकामाला दोष देण्याआधी मापं बघा. 2 घनमीटरच्या प्लँटला रोज 50 किलो ताजं शेण लागतं. एक किलो शेणातून साधारण 40 लिटर गॅस मिळतो. गाय दिवसाला दहाएक किलो शेण देते, म्हैस पंधराएक, कालवड पाच. म्हणजे तुमचं एकूण 40 किलो झालं. पण जनावरं दिवसभर चरायला जात असतील तर त्यातलं बरंच रानातच पडतं. चार घमेली म्हणजे फार तर 28 किलो, आणि 28 किलोचा गॅस होतो 1.1 घनमीटर. घरगुती शेगडीचा मोठा बर्नर तासाला 0.45 घनमीटर खातो. म्हणजे सगळं नीट असतं तरी एक बर्नर जेमतेम अडीच तास चालला असता. उरलेला तास पाण्यात जातोय.

ताज्या शेणाला पाणी वजनाला वजन घालायचं. उन्हाळ्यात शेण वाळकं असेल तर सव्वा ते दीडपट. तुम्ही चौपटीहून जास्त घालताय. हा प्लँट महाराष्ट्राच्या हवामानात काला (शेण-पाण्याचं मिश्रण) 40 दिवस आत राहील अशा हिशेबाने बांधलेला असतो, म्हणजे रोजचा 100 लिटर काला आणि पोटात 4,000 लिटर. तुमचा रोजचा काला 150 लिटरच्या घरात जातो, म्हणून शेण 26-27 दिवसांतच बाहेर पडतं. अर्धवट कुजलेलं शेण बाहेर आलं की वास येणार आणि माशाही येणार. पूर्ण कुजलेली स्लरी काळपट दिसते, तिला शेणाचा वास राहत नाही, माशा तिच्याकडे फिरकत नाहीत. प्लँटची तब्येत ओळखायला गॅसपेक्षा आउटलेटवरची ही खूण जास्त भरवशाची आहे.

गोठा धुतलेलं पाणी आजपासून बंद. पाणी जास्त होतं हे एक, आणि त्यातून फिनेल, साबण आत जातो तो जिवाणूंना मारतो. जनावराला अँटिबायोटिकची इंजेक्शनं चालू असतील तर त्याचं शेण उपचार संपेपर्यंत आणि नंतर आठवडाभर वेगळं ठेवा.

काला करताना इनलेटच्या टाकीचं भोक बंद ठेवा. शेण-पाणी हाताने किंवा घोटणीने मोडा, गाठ राहता कामा नये. काला पातळ पिठल्याइतका सरसरीत हवा. वर तरंगणारी कडब्याची काडं काढून टाका, कारण तीच आत जाऊन वर जाड साय धरतात आणि गॅस अडवतात. मग दहा-पंधरा मिनिटं तसाच राहू द्या. वाळू-माती तळाशी बसते. भोक उघडून काला सोडा आणि तळाची वाळू घमेल्याने बाहेर काढा. हे टाळलं तर चार-पाच वर्षांत प्लँटच्या तळाशी वाळूचा थर साचतो आणि तो उपसायला अख्खा प्लँट रिकामा करावा लागतो. हिवाळ्यात काला दुपारी टाका आणि पाणी उन्हात ठेवून कोमट झालेलं घ्या. 30 ते 35 अंशांत जिवाणू जोमाने काम करतात, 20 च्या खाली सुस्तावतात.

ज्योत फडफडत जळते-विझते असं होत असेल तर पाइपात पाणी साचलंय. पाइपाला पाणी काढायच्या जागेकडे उतार आहे का बघा आणि आठवड्यातून एकदा पाणी काढा. गळती फेसाने शोधा, काडी पेटवून कधीही नको. दाब आहे पण गॅस पेटतच नाही आणि स्लरीला आंबूस वास येतो, असं झालं तर पोट आंबलंय समजा : आम्ल तयार करणारे जिवाणू पुढे गेले आणि मिथेन, म्हणजे जळणारा वायू, करणारे मागे पडले. आठवडाभर काहीही टाकू नका, चालू प्लँटची दोन-तीन पिंपं स्लरी विरजण म्हणून घाला, मग पाव मापाने सुरुवात करून हळूहळू वाढवा.

शेण कमीच पडत असेल तर संडास जोडता येतो. ग्रामीण स्वच्छतेचं काम करणाऱ्या देहूच्या डॉ. मापुसकरांनी त्यासाठी मलप्रभा हा वेगळा प्लँट बसवून दाखवला होता. पण माणसामागे गॅस दिवसाला 25-30 लिटरच मिळतो, संडासात अ‍ॅसिड वापरता येत नाही आणि ती स्लरी भाजीपाल्यावर थेट नको. त्यापेक्षा जनावरं रात्री गोठ्यातच बांधून सकाळचं सगळं शेण गोळा करणं सोपं.

आता स्लरी. उन्हात सुकवू नका. कुजताना शेणातलं बरंच नत्र अमोनियाच्या रूपात येतं आणि ते उन्हात उडून जातं, तुमच्या हाती नुसता चोथा राहतो. 28 किलो शेणातून रोज साडेतीन-चार किलो कोरडा भाग उरतो. त्यात दीड टक्का नत्र धरलं तर वर्षाला 20 किलो नत्र होतं, म्हणजे युरियाच्या एका गोणीइतकं. शिवाय स्फुरद, पालाश आणि जमिनीचा कस वाढवणारा सेंद्रिय भाग वेगळाच.

ओली स्लरी पाटाच्या पाण्यातून उसाला, केळीला सोडणं सगळ्यात सोपं. पाणी चालू नसेल तेव्हा तीन मीटर लांब, दोन मीटर रुंद, एक मीटर खोल असे दोन खड्डे घ्या. अर्धा फूट पाचट किंवा पालापाचोळा, त्यावर स्लरी, पुन्हा पाचट. मूठ दाबली की चार थेंब पडावेत, धार लागली तर पाचट वाढवा. एक खड्डा भरला की वर मातीचा थर देऊन दुसरा धरा. ढीग आधी तापतो, नंतर थंड होतो. तीन-चार महिन्यांत खत तयार होतं. ट्रायकोडर्मा (कुजवायला मदत करणारी बुरशी) घालायचा असेल तर ढीग थंड झाल्यावरच, तापलेल्यात घातला तर तो मरतो. ठिबकमधून सोडायची इच्छा असेल तर बारीक जाळीतून दोनदा गाळा, तरीही ड्रिपर तुंबतात, म्हणून मी पाटालाच कौल देईन.

कधी प्लँट रिकामा करायची वेळ आली तर आत उतरू नका आणि कुणाला उतरवू नका. आतल्या वायूने माणूस बेशुद्ध पडतो, त्याला वाचवायला उतरलेलाही तिथेच राहतो. माणसं बोलवायची तर हवा खेळवून, दोरी बांधून काम करणारी अनुभवी माणसं बोलवा.

माप बदलल्यावर फरक दिसायला तीन-चार आठवडे द्या, कारण आतला पातळ काला हळूहळूच बाहेर पडतो. तेव्हाही गॅस वाढला नाही तर रात्री शेगडी बंद ठेवून पाण्याच्या दाबमापकाची पातळी संध्याकाळी आणि पहाटे लिहून ठेवा. पहाटे ती खाली गेली असेल तर डोम किंवा पाइप गळतोय, आणि मग गवंड्याला बोलवायला हरकत नाही.