अकरा महिने झाले, नडगी अजून दुखतेय

साताऱ्याहून एका चौतीस वर्षांच्या मैत्रिणीचं चार पानी पत्र आलंय. थोडक्यात असं की ती २०२१ पासून धावते, गेल्या ऑक्टोबरात उजवी नडगी दुखायला लागली, एक्स-रे नॉर्मल आला म्हणून शिन स्प्लिंट, म्हणजे पळून पळून होणारी नडगीची साधी दुखी, समजून पळत राहिली, जानेवारीत पेनकिलर घेऊन मुंबईची हाफ मॅरेथॉन केली, फेब्रुवारीत एमआरआय झाला आणि नडगीच्या पुढच्या बाजूला स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे पुन्हा पुन्हा ताण बसून हाडाला गेलेली बारीक चीर, निघालं. तीन महिने पाय हलू न देणारा डॉक्टरी बूट घातला, मे महिन्यात स्वतःच्या मनाने परत पळायला लागली आणि परत दुखलं. आता डॉक्टर म्हणतायत एक्स-रेत काळी रेघ दिसतेय, म्हणजे चीर जुळलेली नाही, ऑपरेशन करून हाडात रॉड टाकावा लागेल कदाचित. ती विचारते, "ताई, माझं हाड जुळतच का नाही? येत्या जानेवारीची फुल मॅरेथॉन सोडू का? की धावणंच सोडू? घरात सगळे तेच म्हणतात."

प्रिय 'थांबलेली',

तू म्हणते हं तुला, माझ्या भाचीच्या वयाची आहेस. तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिसऱ्यांदा वाचताना एका ओळीखाली पेनाने रेघ मारली. ती ओळ कुठली ते सांगते, पण आधी तुझ्या रडण्याबद्दल, कारण त्याची तू माफी मागितलीयेस आणि ती मागायची काही गरज नव्हती.

तू लिहिलंयस की ग्रुपमधल्या बायका रविवारी यवतेश्वरच्या घाटातून पळून येतात, पोहे खातानाचे फोटो टाकतात आणि तू व्हॉट्सॲप म्यूट करून भाजी निवडत बसतेस, मग सासूबाईंना कळू नये म्हणून कांदा चिरायला घेतेस. मला हे फार जवळून माहितीये गं. मी खो-खो खेळायचे, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला गुडघ्याचं लिगामेंट गेलं, आणि पुढचं वर्षभर मी कॉलेजला मैदानाच्या रस्त्याने न जाता मागच्या गल्लीतून वळसा घालून जायचे, कारण संध्याकाळी तिथून शिट्टी ऐकू यायची आणि माझे पाय आपोआप बसलेल्या पोझिशनला जायचे. त्या काळात कोणी मला म्हणालं नाही की हे दुःख आहे, सगळे म्हणाले खेळच तर आहे, अभ्यास कर. तर तुला मी सांगते, हे दुःखच आहे. सकाळचे ते दीड तास दिवसातले तुझे एकटीचे होते, ते गेले, मग रडू येणारच.

आता हाडाकडे येऊ. सासूबाई विचारतात ना, "पडली नाही, आपटली नाही, मग हाड मोडलं कसं?" प्रश्न चुकीचा नाहीये. त्यांना सांग की १८५५ साली प्रशियाच्या लष्करातल्या ब्राइटहाउप्ट नावाच्या डॉक्टरने हेच सैनिकांच्या पायांत बघितलं होतं, न पडता न लागता नुसतं कवायत करकरून पाय सुजायचे, दुखायचे, आणि तेव्हा तर एक्स-रेचा शोधसुद्धा लागला नव्हता, तो लागला १८९५ ला. तर हे काही तुझ्या नाजूकपणाचं दुखणं नाही, धडधाकट शिपायांचं आहे. आणि हो, सासूबाई प्रेमाने तेल लावून देतात ते लावू दे, पण पोटरीला. नडगीवर जोर लावून चोळायचं नाही हे त्यांना नीट समजावून सांग, ऐकतील त्या.

हाड कायम स्वतःची डागडुजी करत असतं. जुना भाग खरवडून काढायला त्याला दोन-तीन आठवडे लागतात, पण नवीन भरून पक्कं व्हायला तीन-चार महिने. स्लॅब टाकल्यावर आपण पाणी मारतो, सेंट्रिंग लगेच काढत नाही, का तर वरून कडक दिसला तरी आत कच्चा असतो. तू दोन महिन्यांत आठवड्याचे पंचवीस किलोमीटरचे साठ केलेस, त्यात घाटाचा उतार, म्हणजे खरवडणं जोरात सुरू आणि भरणं मागे पडलेलं, आणि वरून रोजचा मार.

त्यात तुझी जागा वाईट. नडगीला आतल्या-मागच्या बाजूला फ्रॅक्चर झालं असतं तर बहुतेकदा दोन-तीन महिन्यांत माणूस पळायला लागतं, तुझ्या ग्रुपमधली जी मैत्रीण लवकर बरी झाली तिचं तसंच झालं असणार, म्हणून तिच्याशी तुलना करू नकोस. तुझं आहे पुढच्या बाजूला, मधोमध. उसाचं कांडं गुडघ्यावर वाकवलंस तर आतली बाजू दबते आणि बाहेरची ताणून फाटते, बरोबर? पळताना नडगी तशीच किंचित वाकते आणि पुढची बाजू ताणली जाते, म्हणजे प्रत्येक पावलाला ती चीर थोडी उघडतेच. शिवाय तिथे रक्तपुरवठा कमी, हात लावून बघ, कातडीखाली लगेच हाड लागतं, मांस नाहीच. या जागेला सहा महिने, कधीकधी त्याहून जास्त लागतात, सगळं नीट केलं तरी. तुझ्या बाबतीत मे महिन्यात घड्याळ परत शून्यावर गेलं. त्यामुळे अकरा महिन्यांचा हिशोब मनातून काढून टाक, खरा हिशोब त्या दिवसापासून धरायचा.

आता ती ओळ. तिसऱ्या पानावर, कंसात टाकल्यासारखी लिहिलीयेस: "बाकी तब्येत मस्त आहे, सोळा-आठ फास्टिंगने (सोळा तास उपाशी, आठ तासांतच खाणं) एकसष्टची त्रेपन्न किलो झाले, पाळी गेले चार महिने आली नाही पण धावणाऱ्या बायकांचं होतंच असं म्हणतात."

कोण म्हणतं? नाही गं, असं होतंच म्हणून सोडून द्यायची गोष्ट नाही ही. चौतीसाव्या वर्षी चार महिने पाळी नाही हे मस्त तब्येतीचं लक्षण नाही आणि माझ्या मते तुझं हाड का जुळत नाही या प्रश्नाचं निम्मं उत्तर तू स्वतःच तिथे लिहून ठेवलंयस. बघ ना, पहाटे पाचला रिकाम्या पोटी पंधरा-वीस किलोमीटर, मग साडेबारापर्यंत फक्त काळी कॉफी, आणि त्यात मुलाचा डबा, शाळा, ऑफिस. शरीराकडे एवढंच सामान आलं तर ते आधी हृदय, मेंदू चालवणार, पाळी बंद करणार आणि हाडाचं काम थांबवणार. पाळी नीट चालू असताना जे इस्ट्रोजेन हॉर्मोन हाड जपतं तेही कमी होतं. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ साली याला रेड-एस असं नावही दिलंय, म्हणजे खर्चाच्या मानाने खेळाडूला ऊर्जा कमी पडणं, आणि हे पुरुषांनाही होतं, फक्त त्यांना पाळीसारखी धोक्याची घंटा नसते. तुझी घंटा चार महिने वाजतेय आणि आता धावणं बंद असूनही तू खाणं वाढवलं नाहीस, उलट लिहितेस की "पळत नाही म्हणून अजून कमी खाते, वजन वाढेल ना". अगं हाड जुळायलाही अन्न लागतं, भिंत बांधायला काढलीस आणि सिमेंटच बंद केलंस असं झालं हे.

म्हणून या आठवड्यात पहिलं काम गायनॅककडे जायचं. प्रेग्नन्सी टेस्ट, थायरॉइड, प्रोलॅक्टिन आणि बाकी हॉर्मोन्स त्या बघतील. व्हिटॅमिन डी करून घे, उन्हाच्या देशात राहूनही आपल्याकडे ते कितीजणींचं कमी निघतं, आणि डेक्सा स्कॅनबद्दल विचार, त्यात हाडाची घनता कळते. पाळी येण्यासाठी कोणी नुसत्या गोळ्या लिहून दिल्या तर स्पष्ट विचार की मूळ कारणाचं काय, कारण गोळ्यांनी रक्तस्राव होतो म्हणून हाडाला पोचायला हवं ते पोचलं असं नाही. डीची पावडर मैत्रिणीने सांगितली म्हणून दर आठवड्याला घेत सुटू नकोस, रिपोर्ट बघून डॉक्टर सांगतील तेवढीच.

आणि ते सोळा-आठ आजपासून बंद. उठल्यावर तासाभरात काहीतरी पोटात गेलं पाहिजे, केळं, दूध, रात्रीची भाकरी, काहीही. दिवसाला साधारण हजार मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं, शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास असतं, तुमच्याकडे तर नाचणी घरात असतेच, तिची भाकरी कर, आंबील कर, वर दही, दूध, तिळाची चटणी. डाळ, उसळ, अंडं खात असशील तर अंडं. दोन-तीन किलो वाढतील, वाढू देत.

मे महिन्याबद्दल तुला रागवायचं मी ठरवलं होतं पण तू आधीच स्वतःला इतकं बोललीयेस की राहू दे. एवढंच सांगते की ज्यांच्या दिमतीला फिजिओची फौज असते त्यांचंही हे होतं. बुमराहचं आठव, पाठीच्या स्ट्रेसच्या दुखण्याने २०२२ चा टी-ट्वेंटी वर्ल्ड कप हुकला, जानेवारी २०२३ मध्ये श्रीलंकेविरुद्धच्या वनडेसाठी टीममध्ये नाव आलं आणि पहिल्या मॅचच्या आधीच परत काढावं लागलं, मार्चमध्ये न्यूझीलंडला ऑपरेशन, आणि ऑगस्टमध्ये आयर्लंडमध्ये जेव्हा खेळला तेव्हा कॅप्टन म्हणून, पुढे त्याच वर्षीच्या वर्ल्ड कपात वीस विकेट्स. ऑस्ट्रेलियाचा फास्ट बोलर पॅट कमिन्स तर अठराव्या वर्षी पहिली टेस्ट खेळला २०११ ला आणि दुसरी टेस्ट खेळायला मार्च २०१७ उजाडला, आपल्या रांचीत, मधली पाच वर्षं पाठीची फ्रॅक्चर्स आणि बाकीची दुखणी. त्या पाच वर्षांत त्यालाही कितीजणांनी संपला म्हटलं असेल.

ऑपरेशनचं. मी डॉक्टर नाही आणि रॉड टाक किंवा टाकू नको हे मी सांगणार नाही. फक्त सध्याच्या डॉक्टरांचा मान ठेवून, खेळाडूंचीच हाडं बघणाऱ्या ऑर्थोपेडिककडे पुण्याला जाऊन दुसरं मत घे, सगळे एक्स-रे आणि एमआरआयची सीडी घेऊन जा, आणि तिथे गेल्यावर पाळीचं आणि उपवासाचं स्वतःहून सांग, विचारायची वाट बघू नकोस, आजवर एकाही डॉक्टरला तू ते सांगितलेलं नाहीस असं मला पत्रावरून वाटलं. या जागेच्या फ्रॅक्चरला काळी रेघ दिसायला लागली की पुष्कळदा रॉड टाकतातच, त्यात तुझी हार वगैरे काही नाही, लोक त्यानंतर पळतात. पण रॉड आत असला तरी जुळायचं काम हाडानेच करायचंय, म्हणून खाण्याचं आणि पाळीचं आधी किंवा निदान बरोबरीने व्हायलाच हवं.

जानेवारी सोड. हे मी जरासुद्धा आढेवेढे न घेता सांगते. आत्ता सप्टेंबर आहे, तुला चालताना जिन्यावर दुखतं, तर चार महिन्यांत बेचाळीस किलोमीटर होणार नाही. एंट्रीची फी गेली तर जाऊ दे. धावणं मात्र कायमचं सोडायचं काही कारण मला तुझ्या पत्रात कुठेही दिसलं नाही.

परत सुरू करशील तेव्हा कसं, तेही विचारलंयस. नवीन एक्स-रे किंवा स्कॅन बघून डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय नाही, दुखत नाही एवढ्यावर नाही, कारण मे महिन्यातही तुला चार दिवस दुखत नव्हतंच. तोवर डॉक्टर चालेल म्हणाले तर पोहणं, पाण्यात बेल्ट लावून जागच्या जागी पळणं, सायकल. मग भरभर चालणं, मग एक मिनिट पळ आणि चार मिनिटं चाल असं, एक दिवसाआड, सपाट रस्त्यावर, घाट तर कितीतरी नंतर. आधी अंतर वाढतं, वेग शेवटी. पावलं जरा छोटी आणि भरभर टाकलीस तर नडगीवर मार कमी बसतो, हे फिजिओ नीट शिकवतील. रात्री झोपेत दुखायला लागलं तर थांबायचं आणि दाखवायचं, पेनकिलर घेऊन झाकायचं नाही, ते तू जानेवारीत सी लिंकवर करून बघितलंयस.

अजून एक बंद कर. रोज सकाळी बाथरूममध्ये दार लावून एका पायावर उड्या मारून बघतेस आणि मग अंगठ्याने नडगी दाबून बघतेस, दुखतं का अजून. रोज! अगं रोज खपली काढून बघितली तर जखम भरेल का? तपासायचं ते फिजिओसमोर, त्यांनी सांगितलेल्या दिवशी.

नवऱ्याबद्दल तू फार त्रोटक लिहिलंयस, "ते म्हणतात मी आधीच सांगितलं होतं" एवढंच. त्यांना पुण्याच्या अपॉइंटमेंटला बरोबर ने. काळी रेघ स्वतःच्या डोळ्यांनी बघू दे, डॉक्टर काय म्हणतात ते त्यांच्या कानांनी ऐकू दे. हे दुखणं बाहेरून दिसत नाही ना, सूज नाही, प्लास्टर नाही, म्हणून घरच्यांना ते खोटं किंवा हट्टाचं वाटत राहतं. आणि त्यांना एकदा शांतपणे सांग की सकाळचा दीड तास तुला पुढेही लागणार आहे, पळणं असो नसो. हवं तर तळ्यावर चटई टाकून बस, पण तो वेळ स्वयंपाकघराला परत देऊ नकोस.

ग्रुप अनम्यूट करायची घाई नाही, जमेल तेव्हा कर. पण एखाद्या रविवारी, फक्त पोह्यांच्या वेळेला जाऊन ये. त्यातल्या दोघी-तिघी तरी तुझ्यासारख्याच रिकाम्या पोटी पळत असतील, पाळीबद्दल एकमेकींत बोलत नसतील, तू बोललीस तर बोलतील.

डेक्सा आणि व्हिटॅमिन डीचे रिपोर्ट आले की मला कळव. पाळी आली तर तेही कळव, लाजू नकोस, मी वाट बघतेय.

तुझी,
ताई