२०३५ पर्यंत हिमालयातल्या हिमनद्या संपणार हा आयपीसीसीचा (संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीचा) दावा खोटा निघाला, मग तापमानवाढही थोतांडच ना?

नाही. चूक मात्र खरी होती, आणि ढोबळ होती. २००७च्या अहवालात ते साल छापलं गेलं. उगम शोधला तर एका पर्यावरण संस्थेचा अहवाल, आणि त्याच्यामागे १९९९ची विज्ञान साप्ताहिकातली बातमी. म्हणजे ऐकीव गोष्टच! हिमनदीतज्ज्ञ व्ही. के. रैना यांनी २००९मध्ये शंका मांडली, तेव्हा आयपीसीसीचे त्या वेळचे अध्यक्ष राजेंद्र पचौरी यांनी ती झटकून टाकली. जानेवारी २०१०मध्ये आयपीसीसीला दिलगिरी व्यक्त करावी लागली. तोंडघशी पडणं म्हणतात ते हेच.

पण साल चुकलं म्हणून बर्फ वितळायचा थांबत नाही. अमेरिकेच्या हेर उपग्रहांनी १९७०च्या दशकात हिमालयाचे फोटो काढले होते (हेरगिरीचा असाही उपयोग!). ते खुले झाल्यावर संशोधकांनी त्यांवरून सुमारे ६५० हिमनद्यांची उंची काढली आणि नव्या मोजणीशी ताडून पाहिली. २०००नंतर बर्फ घटण्याचा वेग आधीच्या पंचवीस वर्षांच्या दुप्पट निघाला. बर्फावर बसून तो लवकर वितळवणाऱ्या काजळीचं कारण पुढे केलं जातं, तिचा हातभार आहेही. पण २,००० किलोमीटरच्या पट्ट्यात, काजळी कमी-जास्त असूनही, घट साधारण सारखीच दिसते. म्हणून संशोधकांनी मुख्य बोट तापमानाकडे दाखवलं.