टेप ड्राइव्ह हट्टाला पेटतो तेव्हा : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : सर्व्हरला एसएएस (डिस्क-टेप जोडायची एक पद्धत) टेप ड्राइव्ह जोडला. दिवे लागतात, टेप आत जाते, पण लिनक्सला ड्राइव्ह दिसतच नाही. ड्राइव्हर कुठून मिळवू?

उत्तर : ड्राइव्हर शोधत फिरू नका. तो कर्नलसोबतच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यासोबतच येतो, नाव ‘एसटी’. आधी जोडलेल्या उपकरणांची यादी देणारी ‘एलएस-स्कझी’ आज्ञा चालवा आणि यादीत ‘टेप’ लिहिलेली ओळ आहे का ते बघा. ओळ आहे, पण शेवटच्या रकान्यात ‘एसटी0’ऐवजी नुसती आडवी रेघ आहे, असं असेल तर ड्राइव्हरचं मॉड्यूल चढलेलं नाही, ‘मॉडप्रोब एसटी’ या आज्ञेने काम होईल. ओळच नसेल, तर ड्राइव्ह ऑपरेटिंग सिस्टिमपर्यंत पोचलेलाच नाही. मग ड्राइव्हर कितीही वेळा बदला, काही फरक पडणार नाही.

अशा वेळी माझा पहिला संशय रेड कार्डावर, म्हणजे अनेक डिस्क एकत्र सांभाळणाऱ्या कार्डावर जातो. बरीच रेड कार्डं फक्त डिस्क ओळखतात, टेपला पुढे जाऊच देत नाहीत. टेपसाठी साधं एचबीए कार्ड (उपकरणं जशीच्या तशी पुढे दाखवणारं) वेगळं घ्या, किंवा तुमच्या कार्डाला आयटी मोडचं, म्हणजे त्याला साध्या एचबीएसारखं वागायला लावणारं, फर्मवेअर मिळत असेल तर ते घाला. आणि मदरबोर्डवरच्या साटा पोर्टला एसएएस ड्राइव्ह जोडला असेल, तर तो तिथे चालणारच नाही.

प्रश्न : एकाच टेपवर ओळीने तीन रात्री बॅकअप घेतले. आता फक्त तिसरा सापडतो. पहिले दोन परत मिळतील?

उत्तर : वाईट वाटतं सांगताना, पण नाही. तुम्ही ‘एसटी0’वर लिहिलंत. हे नाव वापरलं की काम संपताच टेप आपोआप रिवाइंड होते, आणि दुसऱ्या रात्रीचा बॅकअप पहिल्याच्या डोक्यावर बसतो. शिवाय नव्या बॅकअपनंतर ‘माहिती इथे संपली’ अशी खूण टेपवर पडते आणि ड्राइव्ह तिच्यापलीकडचं वाचून देत नाही. मागोमाग लिहायचं असेल तर ‘एनएसटी0’ वापरा. सुरुवातीचा ‘एन’ म्हणजे रिवाइंड नको. दोन ड्राइव्ह असतील तर मशीन पुन्हा सुरू झाल्यावर 0 आणि 1 यांची अदलाबदल होऊ शकते. म्हणून स्क्रिप्टमध्ये ‘/डेव्ह/टेप/बाय-आयडी’खालचं कायमचं नाव लिहा. तिथेही शेवटी ‘-एनएसटी’ असलेलंच घ्या.

प्रश्न : जुन्या सर्व्हरवर लिहिलेली टेप नव्या लिनक्सवर टारने (फाइली एकत्र बांधणारा-सोडणारा प्रोग्रॅम) वाचायला घेतली, तर ‘कॅनॉट अलोकेट मेमरी’ येतं. रॅम 64 जीबी आहे! ड्राइव्हर जुळत नाही का?

उत्तर : ड्राइव्हर जुळतो आणि रॅमचा इथे संबंधच नाही. हा संदेश इतका फसवा आहे की त्यापायी लोक चांगल्या टेपा खराब समजून बाजूला ठेवतात. म्हणून जरा सविस्तर सांगतो.

टेपवर माहिती ठोकळ्याठोकळ्यांनी लिहिलेली असते. अख्खा ठोकळा मावेल एवढी जागा वाचणाऱ्या प्रोग्रॅमने दिली नाही, की एसटी ड्राइव्हर हाच ‘मेमरी’चा संदेश देतो. टार मुळात 10,240 बाइटांची जागा देतो. ‘डीमेसेज’ या आज्ञेने कर्नलच्या नोंदी बघा. 262144 बाइटांचा ठोकळा 10240 मध्ये वाचता आला नाही, अशा अर्थाची ओळ तिथे असेल. म्हणजे दुखणं आणि औषध दोन्ही हातात आलं.

आधी कार्ट्रिजचं लेखनरोधक बटण सरकवून घ्या. ही पायरी कृपा करून गाळू नका. मग टेप हाताळणाऱ्या ‘एमटी’ या प्रोग्रॅमची ‘सेटबीएलके 0’ आज्ञा द्या, म्हणजे ड्राइव्ह कुठल्याही मापाचा ठोकळा स्वीकारेल. टेप रिवाइंड करा आणि माहिती जशीच्या तशी उतरवणाऱ्या ‘डीडी’ला ‘बीएस=1एम काउंट=1’ देऊन एकच ठोकळा फाइलमध्ये उतरवा. त्या फाइलचा आकार हेच ठोकळ्याचं माप. त्याला 512 ने भागा आणि आलेला आकडा टारला ‘-बी’पुढे द्या. 262144 साठी तो 512 येतो. पुन्हा रिवाइंड करून टार चालवा.

प्रश्न : एलटीओ-8 (एलटीओ हा टेपचा प्रकार, पुढचा आकडा पिढीचा) ड्राइव्ह एलटीओ-6 ची टेप बाहेर फेकतो. ड्राइव्हर अद्ययावत करू?

उत्तर : नको. एलटीओ-7 पर्यंतचे ड्राइव्ह दोन पिढ्या मागचं वाचायचे. 8 आणि 9 चे एकच पिढी मागचं वाचतात. तुम्हाला एलटीओ-6 किंवा 7 चा ड्राइव्ह लागेल.

प्रश्न : एलटीओ-9 ची कोरी टेप घातली, तासभर झाला तरी ड्राइव्ह ‘बिझी’. बॅकअप सॉफ्टवेअर तर कंटाळून बंद पडलं.

उत्तर : ड्राइव्हची वीज मात्र तोडू नका. एलटीओ-9 ची प्रत्येक नवी टेप पहिल्यांदा घातली की ड्राइव्ह तिची मोजमापं घेतो, त्याला दोन तासांपर्यंत वेळ लागू शकतो. एकदा झालं की त्या टेपपुरतं संपलं. सॉफ्टवेअरमधली टेप चढण्याची मुदत दोन तासांच्या वर न्या, किंवा नव्या टेपा आल्या की बॅकअपची वेळ येण्याआधीच एकेक करून ड्राइव्हमधून फिरवून घ्या.