टूर द फ्रान्स या सायकल शर्यतीचा तिसरा आठवडा पहिल्यांदाच बघताय?

स्वागत! ‘पंधरा दिवस झाले, रोज तेच चाललंय’ हे तुमचं वाक्य वाचून हसू आलं. पहिल्या वर्षी माझंही असंच झालं होतं. थांबा, खरी मजा आत्ता आहे.

नवशिक्यांची नेहमीची चूक म्हणजे टप्पा, म्हणजे एका दिवसाची शर्यत, जिंकणारा पूर्ण शर्यतही जिंकतोय असं समजणं. पिवळी जर्सी सगळ्या टप्प्यांचा एकूण वेळ सर्वांत कमी असणाऱ्याची. म्हणून दहा-बारा जण पुढे पळाले आणि मुख्य घोळका निवांत राहिला तर गोंधळू नका. ते एकूण वेळेत इतके मागे असतात की त्यांना अडवायची गरजच नसते. नजर एकूण वेळेतल्या पहिल्या तीन-चार जणांवर ठेवा.

आणखी दोनच गोष्टी:

- मोठ्या चढावर पिवळ्या जर्सीसोबत संघातले किती जण उरलेत ते मोजा. तो एकटा पडला की हल्ला होणार, म्हणजे प्रतिस्पर्धी अचानक वेग वाढवून निसटायला बघणार, असं धरून चाला.
- ‘आता निकाल लागला’ म्हणून टीव्ही बंद करू नका. २०२० मध्ये विसाव्या टप्प्याआधी रॉग्लिच ५७ सेकंदांनी पुढे होता. त्या दिवशीच्या टाइम ट्रायलमध्ये (प्रत्येक जण एकटा, घड्याळाविरुद्ध) दुसऱ्या क्रमांकावरच्या पोगाचारनं त्याच्यावर १ मिनिट ५६ सेकंद कमावले आणि टूर जिंकली. मी तेव्हा चहा करायला उठलो होतो, अजून हळहळतो.

वॉट, गिअर, बोनस सेकंद हे सगळं पुढच्या वर्षी. आणि रोजचे पाचही तास बघायचा हट्ट नको. शेवटच्या चढाच्या थोडं आधी लावलंत तरी चालेल.