वाचकांचे प्रश्न : साबाच्या वर्षावनात सहकुटुंब

बोर्निओ बेटाच्या उत्तर टोकाला मलेशियाचं साबा हे राज्य आहे. तिथल्या जंगलातल्या लॉजवर मुलाबाळांसह जाऊ पाहणाऱ्यांची बरीच पत्रं या महिन्यात आली. एकसारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत.

आम्ही दोघं आणि दोन मुलं, वयं 7 आणि 12. जंगलासाठी पाच रात्री काढल्या आहेत. डॅनम व्हॅलीचं जंगल निवडावं की किनाबातांगान नदी? दोन्ही केलं तर नुसती धावपळ होईल का?

पाच रात्रींत दोन्ही नीट होतात. तिसरं ठिकाण मात्र घुसडू नका. आधी नदीवर दोन रात्री, मग डॅनममध्ये तीन, हा क्रम ठेवा.

कारण असं, की वर्षावनात प्राणी भरपूर असले तरी दिसत फार कमी. ताडोबाच्या सवयीने गेलात तर पहिल्याच दिवशी विरस होईल. डॅनममधल्या डिप्टेरोकार्प (आपल्या सालाच्या कुळातल्या) झाडांचे शेंडे चाळीस-साठ मीटरांवर असतात. 2019 मध्ये तिथलं पिवळं मेरांती जातीचं एक झाड दोरीवरून चढून मोजलं, ते 100.8 मीटर भरलं. बरेचसे सस्तन प्राणी, पक्षी आणि फळं या वरच्या मजल्यावर असतात. खाली पायवाटेवर मिणमिणता उजेड असतो आणि वीस-पंचवीस पावलांपलीकडे सगळं हिरवं एकजीव होतं. त्यामुळे जास्त चाललं की जास्त दिसतं, हे गणित इथे चालत नाही. जंगल जिथे उघडं पडतं अशा जागी, म्हणजे नदीकाठी, रस्त्याच्या कडेला किंवा शेंड्यांच्या उंचीवर, योग्य वेळी गप्प बसावं लागतं.

मुलांची सुरुवात नदीने करायची ती यासाठीच. 560 किलोमीटर लांबीच्या किनाबातांगानच्या खालच्या टप्प्यात, सुकाऊ आणि बिलित या गावांजवळ बरेच लॉज आहेत. लांब लोंबत्या नाकाची प्रोबोसिस माकडं दिवसभर आत चरतात आणि झोपायला काठावरच्या झाडांवर येतात. दुपारी चारच्या सुमारास होडी निघते ती म्हणूनच. सुकाऊजवळच्या मेनांगुल या अरुंद उपनदीत गेलात तर दोन्ही काठ आवाक्यात राहतात. बोर्निओत धनेशाच्या आठ जाती आहेत. त्यांतल्या दोन-तीन सकाळच्या फेरीत सहज दिसाव्यात. हत्तींचा मात्र भरवसा धरू नका. कळप नदीच्या वर-खाली फिरत असतात, त्या आठवड्यात ते तुमच्या पट्ट्यात असले तर नशीब.

एक गोष्ट मात्र सांगायला हवी. इथे प्राणी इतके सहज दिसतात, कारण त्यांना दुसरीकडे जायला जागाच उरलेली नाही. नदीलगत जंगलाची पट्टी आहे आणि तिच्यामागे पाम तेलाचे मळे. सँडाकान शहराहून येताना तास-दीड तास गाडीतून तेच मळे दिसतील, तेव्हा मुलं विचारतीलच.

पहिल्या दिवशी साबाची राजधानी कोटा किनाबालूहून सकाळच्या विमानाने सँडाकान, वाटेत सेपिलोकचं ओरांगउटान केंद्र आणि दोन-अडीच तासांत सुकाऊ. दोन रात्रींत संध्याकाळच्या दोन आणि सकाळच्या दोन फेऱ्या मिळतात. एकच रात्र राहिलात आणि नेमका पाऊस कोसळला, तर हाती काही लागत नाही. तिसऱ्या दिवशी रस्त्याने लाहाड दातू हे गाव, तिथून डॅनम आणखी दोन ते अडीच तास, त्यातला बराच रस्ता खडीचा. गाडी लागणाऱ्या मुलाला निघण्याआधी अर्धा तास गोळी द्या. डॅनमच्या लॉजची गाडी लाहाड दातूहून किती वाजता सुटते ते आरक्षणाच्या वेळीच विचारून घ्या आणि त्याच्या मागे बाकीचं वेळापत्रक लावा. लोक उलटं करतात आणि गाडी चुकते.

डिसेंबर-जानेवारी टाळा. ईशान्य मोसमी पावसात किनाबातांगान फुगते, धक्के पाण्याखाली जातात. मार्च ते सप्टेंबर पाऊस कमी असतो. कमी, म्हणजे आठवड्यात दोन-तीनदाच भिजाल.

ओरांगउटान दिसेलच का? एका एजंटने शंभर टक्के खात्री दिली आहे.

सेपिलोकची खात्री बऱ्यापैकी देता येते, जंगलातली कुणालाच देता येत नाही. एजंटला नेमकं कुठल्या ओरांगउटानबद्दल म्हणायचंय ते विचारा.

सेपिलोक हे 1964 पासून चालू असलेलं पुनर्वसन केंद्र आहे. अनाथ पिल्लं तिथे वाढवून लगतच्या जंगलात सोडतात. सकाळी 10 आणि दुपारी 3 वाजता चौथऱ्यावर खाणं ठेवतात. पिशव्या बाहेर लॉकरमध्ये ठेवाव्या लागतात, म्हणून अर्धा तास आधी पोचा. एखाद्या दिवशी चौथऱ्यावर कुणीच फिरकत नाही. जंगलात फळं मुबलक असली की असं होतं, आणि केंद्राच्या दृष्टीने ती चांगली खूण असते. मुलांना हे आधी सांगून ठेवा.

जंगलातला ओरांगउटान एकटा हिंडतो आणि फळांमागे जातो. डिप्टेरोकार्प जंगलात काही वर्षांच्या अनियमित अंतराने एकदम सगळीकडे फळं धरतात. मधल्या काळात वड-उंबराच्या कुळातली झाडं त्याला तारतात. म्हणून गाइडला पहिला प्रश्न हा विचारायचा, की सध्या कुठला उंबर फळलाय? त्या झाडापासून थोडं दूर, शेंडा दिसेल अशा जागी तासभर बसणं हे दहा किलोमीटर पायपिटीपेक्षा फायद्याचं. दुसरा मार्ग घरट्याचा. ओरांगउटान साधारण रोज संध्याकाळी फांद्या मोडून नवं घरटं करतो. संध्याकाळी तो कुठे झोपला हे गाइडला कळलं असेल, तर दुसऱ्या दिवशी पहाटे सहाच्या आत तिथे हजर राहा. चालताना वरून सालपटं पडताहेत का, फांदी मोडल्याचा आवाज येतोय का, इकडे कान ठेवा.

त्याने फांद्या हलवायला, ओठांनी चुक्-चुक् असा मोठा आवाज काढायला सुरुवात केली की तुम्ही फार जवळ आला आहात. मागे व्हा. निदान दहा मीटर अंतर हवंच. बरोबर खाली उभं राहू नका, वरून फांदी पडते आणि कधी लघवीही. आपली सर्दी त्यांना लागते, म्हणून शिंकणाऱ्या मुलाला त्या दिवशी लॉजवर ठेवा, नाहीतर मास्क लावून मागे उभं करा.

जळवांची फार भीती वाटते. मीठ न्यावं का?

पावसाळ्यात सह्याद्रीत फिरणारे मीठ-तंबाखूची पुरचुंडी बाळगतात. तिथे ती घरीच ठेवा. मीठ किंवा काडीचा चटका लावला की जळू पोटातलं जखमेत ओकू शकते आणि जखम चिघळते. तिचं निमुळतं टोक तोंडाचं असतं. त्या टोकाशी कातडीलगत नख आडवं सरकवा, पकड सुटते, मग दुसरं टोक सोडवा. साबणाने धुवा, पंधरा मिनिटं दाबून धरा. तिच्या लाळेतल्या द्रव्यामुळे रक्त गोठत नाही, त्यामुळे जखम तासन् तास पाझरते. त्याने घाबरू नका. खाजवून पिकवणं हा खरा त्रास, आणि मुलं तो हमखास करतात.

डॅनममध्ये दोन प्रकार भेटतील. तपकिरी जळू जमिनीवरच्या पालापाचोळ्यात असते आणि चावलेलं कळतही नाही. पट्टेरी, वाघासारखी दिसणारी जळू पायवाटेलगतच्या पानांवर बसते आणि तिचा चावा झोंबतो. ही पानं मोठ्यांच्या गुडघ्या-कमरेशी येतात, म्हणजे सात वर्षांच्या मुलाच्या छातीशी किंवा मानेशी. आई-बाबा पाय तपासत बसतात आणि मुलाच्या कॉलरमधून रक्त येतं. मुलाच्या गळ्याला रुमाल बांधा, शर्ट पॅन्टमध्ये खोचा.

लीच सॉक्स म्हणजे घट्ट विणीच्या कापडाचे, गुडघ्याखाली नाडी बांधायचे मोजे. ते पॅन्टच्या वरून चढवायचे आणि मग बूट. नेहमीच्या विणलेल्या मोज्यांच्या जाळीतून जळू आत शिरते. माणशी दोन जोड हवेत, एक वाळत असतो. बहुतेक लॉजवर विकत मिळतात, मुलांच्या मापाचे मिळतीलच असं नाही. नदीवरच्या मुक्कामात वेळ होडीत जातो, तिथे हा प्रश्न जवळपास नसतो.

मलेरियाच्या गोळ्या घ्याव्यात का? मुलांना नदीत पोहू द्यावं का?

गोळ्यांचा निर्णय मुलांचं वजन आणि इतर औषधं पाहून डॉक्टरांनीच करायचा. निघण्याच्या चार-सहा आठवडे आधी जा आणि नुसतं "मलेशिया" न म्हणता "साबाचं जंगल" म्हणा. तिथला मलेरिया वेगळा आहे. प्लास्मोडियम नोलेसी हा परजीवी मकाक माकडांत असतो आणि डासांमार्फत माणसात येतो. रक्तात तो दर 24 तासांनी वाढतो, म्हणून आजार झपाट्याने बळावू शकतो. सूक्ष्मदर्शकाखाली तो दुसऱ्या, सौम्य जातीसारखा दिसतो आणि झटपट चाचणीतून निसटू शकतो. परतल्यावर महिन्याभरात ताप आला तर त्याच दिवशी तपासून घ्या, आणि कुठे गेला होता हे डॉक्टरांना आपणहून सांगा.

संध्याकाळी पूर्ण बाह्यांचे कपडे आणि 20 ते 30 टक्के डीईईटी (डास पळवणारं द्रव्य) असलेलं मलम हवं. आधी सनस्क्रीन, ते मुरल्यावर हे. मुलांच्या तळहातांना लावू नका, तो हात डोळ्यात जातो. डीईईटीने प्लास्टिक विरघळतं, तेव्हा दुर्बिणीला हात लावण्यापूर्वी तळवे पुसा.

पोहण्याबद्दल : किनाबातांगानमध्ये मुळीच नाही. खाऱ्या पाण्यातल्या मगरी तिथे आत दूरवर येतात, होडीतून हातसुद्धा पाण्यात सोडू देऊ नका. डॅनममध्ये गाइड दाखवेल त्या डोहात उतरता येतं, पण अंगावर ओरखडे असताना नको. त्याच भागातून वाहणाऱ्या सेगामा नदीत 2000 साली एका साहस स्पर्धेतले बरेच स्पर्धक पोहले आणि लेप्टोस्पायरोसिसने आजारी पडले. जळवांच्या जखमा म्हणजे ओरखडेच.

माझ्या सासूबाई 70 वर्षांच्या आहेत, गुडघे दुखतात. त्यांना न्यावं का?

नदीवर नक्की न्या. होडीत बसूनच सगळं दिसतं. अडचण धक्क्याच्या पायऱ्यांची आणि हलत्या होडीत पाय टाकण्याची. पाणी उतरलेलं असलं की पायऱ्या वाढतात. लॉजला आधी कळवा आणि पाठ टेकता येईल अशी खुर्ची असलेली होडी मागा.

डॅनममध्ये लॉजजवळच्या सपाट लाकडी वाटा, व्हरांडा आणि रात्रीची उघड्या ट्रकमधली फेरी त्यांना जमेल. ट्रकची शिडी उंच असते, तेवढी पाहा. पंचवीसेक मीटर उंचीवरचा झुलता पूल डुलतो, चक्कर येणाऱ्यांनी टाळावा. सुळक्यावरून दरी दाखवणारी चढाची वाट सोडूनच द्या. रोजच्या गोळ्या दुप्पट घेऊन दोन वेगळ्या पिशव्यांत ठेवा. जवळचं मोठं रुग्णालय लाहाड दातूला, अडीच तासांवर. विम्यात रुग्णाला हलवण्याचा खर्च धरला आहे का, ते वाचून घ्या.

दुर्बीण एकच घ्यावी का? कुठली?

एकीत भागत नाही. धनेश दहा सेकंद दिसतो, तेवढ्यात दुर्बीण चौघांत फिरत नाही. मोठ्यांना 8×42, मुलांना हलकी 8×30 किंवा 8×32. दहापट मोठं दाखवणारी घेऊ नका, होडीत चित्र थरथरतं. दुसरा आकडा भिंगाचा व्यास. 42 ला 8 ने भागलं की डोळ्यापर्यंत सव्वापाच मिलिमीटरचा प्रकाशझोत येतो. खिशात मावणाऱ्या 8×25 मध्ये तो तीनच मिलिमीटर, म्हणून पहाटे सगळं काळपट दिसतं. मुलांना घरीच आठ दिवस सराव द्या. नजर पक्ष्यावरून न हलवता दुर्बीण डोळ्यांपर्यंत आणायची, एवढंच शिकवायचं.

वातानुकूलित खोलीतून कॅमेरा एकदम बाहेर काढला की भिंगावर दव धरतं. तो बंद पिशवीतच अर्धा तास बाहेर ठेवा. विजेरी कपाळावर बांधायची, हातातली नको. प्राण्याच्या डोळ्यांतली चमक उजेड येतो त्या दिशेलाच परतते, म्हणून दिवा आपल्या डोळ्यांजवळ असला तरच ती दिसते. स्लो लोरिस या झाडावरच्या निशाचर प्राण्याचे डोळे असे निखाऱ्यासारखे चमकतात. टार्सियर या मोठ्या डोळ्यांच्या चिमुकल्या निशाचराचे चमकत नाहीत, त्याला शोधायचं काम गाइडवर सोडा.

सामान, जेवण, कागदपत्रं?

जीन्स नकोत, एकदा भिजली की मुक्कामभर वाळत नाही. पटकन वाळणारे तीन जोड पुरतात. छत्री होडीत कुचकामी, पोंचो घ्या. मुलांच्या मापाचं लाइफ जॅकेट आहे का ते विचारा. प्लग तीन चौकोनी पिनांचा लागतो. रोख रिंगिट सँडाकान किंवा लाहाड दातूलाच काढून घ्या.

शाकाहारी असाल तर नुसतं "व्हेज" लिहून भागत नाही. बेलाचान, म्हणजे वाटून आंबवलेली कोळंबी, तिथल्या परतलेल्या पालेभाजीत आणि सांबाल चटणीत सर्रास असते. "बेलाचान नको, फिश सॉस नको, अंडं चालेल किंवा नाही" असं स्पष्ट लिहून कळवा आणि पोचल्यावर स्वयंपाकघरात पुन्हा सांगा.

मलेशियाचं डिजिटल अरायव्हल कार्ड पोचण्यापूर्वीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरायचं, मुलांचंही. साबाची इमिग्रेशन तपासणी स्वतंत्र आहे. क्वालालंपूरहून कोटा किनाबालूचं विमान देशांतर्गत असलं तरी उतरल्यावर पासपोर्ट दाखवावा लागतो, तो चेक-इनच्या बॅगेत टाकू नका.