तबकडीची खरखर

प्रश्न: घरात गायक अल बोली आणि रे नोबलच्या बँडच्या ७८ आरपीएमच्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) जुन्या तबकड्या आहेत. एलपीच्या (नंतरच्या, बारीक खाचेच्या तबकड्यांच्या) प्लेअरवर फार खरखरतात. स्पिरिटने पुसू का? – वाचक, सोलापूर

उत्तर: स्पिरिट मुळीच नको! या तबकड्या लाखेच्या. लाख स्पिरिटमध्ये विरघळते. डिस्टिल्ड पाण्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब घालून मऊ ब्रशने खाचेच्या दिशेने पुसा. लेबल कोरडं ठेवा. खरखरीचं मूळ बहुधा सुईत आहे. एलपीची बारीक सुई रुंद खाचेच्या तळाशी, धुळीत घासते. ३ मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) रुंद टोकाची सुई लावा. मग अल बोलीचा मायक्रोफोनजवळचा हळुवार आवाज खुलतो. सोलापूरच्या उन्हाळ्यात तबकड्या वाकतात. त्या गच्चीखालच्या खोलीत नकोत, उभ्याच ठेवा.